एमजीबी घरी उभी करताना : आधी पत्रा, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

घरी उघडलेल्या आणि पुन्हा कधीच न जोडलेल्या ज्या जुन्या गाड्या मी पाहिल्या, त्या सगळ्या एकाच पद्धतीने अडकल्या होत्या. हौसेच्या भरात पहिल्याच महिन्यात अख्खी गाडी सुटी केली. नटबोल्ट डब्यांत गेले, इंजिन एका कोपऱ्यात, दारं भिंतीला टेकवून, आणि मग पहिली मोठी अडचण आली. ती सुटेपर्यंत बाकीचं सगळं पडून राहिलं आणि कोणता बोल्ट कुठला, हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: एका वेळी गाडीचा एकच भाग उघडा, तो पूर्ण करून बंद करा, मगच पुढच्याला हात लावा. अडचणी येणारच. त्या एकेक करून आल्या तर माणूस त्यांना पुरून उरतो.

माझी गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची बिनछपराची दोन सीटची स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यामुळे रबरी बुशापासून सायलेन्सरपर्यंत जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. १९८८ पासून तर मूळ साच्यांवर अख्खी नवी बॉडीही बनू लागली. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने अशीच गाडी निवडावी. दुर्मिळ गाडीचं आकर्षण मला समजतं, पण एका दिव्याच्या काचेसाठी महिनोन्महिने काम बंद ठेवायची तयारी फार थोड्यांची असते.

नोकरीमुळे मला टूलरूमची सवय होती. मोजमाप, कानस, मायक्रोमीटर हे रोजचं. पातळ पत्र्याचं वेल्डिंग मात्र मी या गाडीसाठी शिकलो, आणि तुम्हालाही शिकता येईल.

उघडण्याआधी

गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजून लिहून ठेवा. मग गाडी मधोमध, सिलखाली (दाराखालच्या लांब पोकळ पेटीखाली) जॅक लावून उचला आणि तीच फट पुन्हा मोजा. आकडा बदलला तर गाडीचा कणा गेलेला आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, तिचा भार बॉडीच पेलते. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे पुढची चाकं आणि मागची चाकं यांना जोडून धरणारी गोष्ट म्हणजे मधला बोगदा, फ्लोअर आणि दोन्ही बाजूंचे सिल. सिल गेले की गाडी मधून बसते आणि दाराची वरची फट मिटत जाते.

त्यानंतर लोहचुंबक आणि टोच्या घेऊन अख्ख्या गाडीवरून फिरा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी किंवा फायबर आहे. टोच्या जिथे आत जातो तिथे पत्रा नाही. रंग कितीही चकचकीत असला तरी या दोन वस्तूंवर विश्वास ठेवा. पुढच्या मडगार्डची खालची कड, मागच्या चाकापुढचा कोपरा, बॅटऱ्यांचे दोन कप्पे आणि जॅक लावायची जागा इथे गंज हमखास सापडेल. बॅटऱ्या या गाडीत सीटमागे फ्लोअरखाली असतात, सहा-सहा व्होल्टच्या दोन, आणि त्यांच्या आम्लाने कप्प्यांची चाळणी होते.

एक जाड वही करा. डाव्या पानावर काय उघडलं, उजव्या पानावर काय बंद झालं. डावीकडच्या उघड्या नोंदी फार वाढायला लागल्या की नवं काही उघडायचं नाही. मला या वहीने तारलं. फोटो तर काढाच, पण फोटोत बोल्टची लांबी कळत नाही, वायसर कोणत्या बाजूला होता हे दिसत नाही. प्रत्येक सांध्याचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर न पुसणाऱ्या पेनाने नाव, आणि जमेल तिथे बोल्ट सुटा भाग काढल्यावर त्याच्याच भोकात परत अडकवून ठेवा. या गाडीचे बहुतेक आटे यूएनएफ म्हणजे इंचांच्या मापाचे आहेत, मेट्रिक नाहीत. जवळपास बसणारा मेट्रिक बोल्ट दोन आटे गोड बोलून आत जातो आणि तिसऱ्याला कॅप्टिव्ह नटाचे (बॉडीतच पक्क्या बसवलेल्या नटाचे) आटे खाऊन टाकतो.

सुरक्षिततेचं एकदाच सांगतो, पण नीट वाचा. गाडी जॅकवर असताना खाली कधीच जाऊ नका, जॅक स्टँडच हवेत. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ती धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून काढा. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते; तिच्यावर घरी वेल्डिंग करायचंच नाही. आणि क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लिनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगच्या आसपास तो डबा ठेवूच नका.

सिल

माझ्या योजनेत डाव्या बाजूचा बाहेरचा सिल बदलायचा होता, इतकंच. तो कापला तर आत आणखी एक सिल निघाला. आधीच्या कुणीतरी गंजलेला सिल तसाच ठेवून त्यावर नवा पत्रा चढवला होता. दोन पत्र्यांच्या मधे ओली माती साचून वर्षानुवर्षं आतून खाणं चालू होतं. आतला उभा पत्रा खालच्या बाजूने नाहीसा, कॅसल रेल (सिलच्या तळाची पट्टी) बोटाने तुटणारी, आणि जॅक लावायच्या जागेवर डांबर फासलेला पत्र्याचा तुकडा. एका कामाची चार कामं झाली.

हा धक्का जवळपास प्रत्येक एमजीबीवाल्याला बसतो. म्हणून वेळेचा अंदाज बाहेरचा पत्रा कापून आत पाहिल्यावरच बांधा. त्याआधीचा कोणताही अंदाज खोटा ठरतो. आणि चढवलेला पत्रा दिसला तर त्यावर तिसरा चढवायचा मोह टाळा. एमजीबीचा सिल म्हणजे बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला सिल आणि खालची कॅसल रेल असा थरांचा डबा आहे. ताकद त्या डब्याची असते, एकट्या बाहेरच्या पत्र्याची नाही.

पद्धत अशी. गाडी सपाट जागी घ्या आणि तिचा भार सस्पेन्शनवरच ठेवा, म्हणजे ॲक्सलखाली आणि पुढच्या स्प्रिंगच्या बशीखाली आधार. मधे टेकू देऊन सिल कापला तर बॉडी चुकीच्या आकारात गोठते. दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पट्टीचा आडवा आधार जोडा. तो आतल्या बाजूने घ्या, म्हणजे दार बसवता येतं. दार न बसवता सिल वेल्ड करायचा नाही, हा नियम दगडावर कोरून ठेवा. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचाही एकेक थर. पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, ते निघतं. मागचं वेल्ड केलेलं असतं. सिल त्याच्या पोटात शिरतो, म्हणून त्याचा खालचा तुकडा कापावाच लागतो. तो न कापता सिल मधेच तोडून जोडणारे आहेत; ती जोडणी दिसत नाही, पण भारही घेत नाही.

वेल्डिंगला मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं), ०.६ मिमी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायू. कारखान्यातले मूळ सांधे स्पॉट वेल्डचे होते. घरी त्याला पर्याय म्हणजे वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिमीची भोकं पाडून त्यातून खालच्या पत्र्याला वेल्ड भरायचा. मूळ ठिपके जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर भोकं ठेवा. दोन्ही पत्रे आधी चकचकीत घासा, जे भाग नंतर झाकले जाणार त्यांवर झिंकचा वेल्डिंग-प्रायमर मारा, आणि भोकाच्या जागी तो पुन्हा खरवडा. सुरुवातीला भंगार पत्र्यांवर सराव करा. दोन तुकडे जोडून शिकंजात धरा आणि पकडीने सोलून काढा. वेल्ड सुटून आला तर करंट कमी आहे. वेल्ड जागेवर राहून भोवतीचा पत्रा फाटला तर बरोबर आहे. ही परीक्षा हाताला पास झाल्यावरच गाडीकडे वळा.

उष्णतेने पत्रा ओढला जातो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. डावा सिल आम्ही शिकंजे लावून धरला, मोजला, टाके (वेल्डचे सुटे छोटे ठिपके) मारले आणि दार अडकवलं. पुतणी मापाची पट्टी घेऊन फटीपाशी बसली होती.

"काका, खाली पाच मिमी आहे, पण वर तीनच."

"सकाळी किती होती?"

"दोन्हीकडे पाच. मी लिहून ठेवलंय."

"मग टाके तोडू. आत्ता तुटतात."

ग्राइंडरने टाके कापले, सिल सुटा झाला आणि फट आपोआप परत पाचवर आली. म्हणजे सिल बरोबर होता, टाक्यांच्या क्रमाने त्याला ओढलं होतं. दुसऱ्यांदा मधून सुरुवात केली, एक टाका पुढे, एक मागे, एक वर, एक खाली, आणि प्रत्येकानंतर हात लावता येईल इतकं गार होऊ दिलं. फट हलली नाही. त्यानंतर अख्खा वेल्ड भरतानाही तोच क्रम. सलग ओळ कधीच ओढायची नाही. काम इतकं संथ चालतं की जीव कासावीस होतो, पण दार शेवटी बोटाच्या दाबाने लागतं.

वेल्ड झाला की लगेच इपॉक्सी प्रायमर. उघडा पत्रा दमट हवेत रात्रीत लालसर होतो, आणि नेहमीचा जाड प्रायमर पाणी शोषतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर महिनोन्महिने गाडी ठेवू नका. सिलच्या पोटात मेण सोडायचं ते रंगकामानंतर, आणि खालची पाणी जायची भोकं उघडी आहेत ना ते तारेने पाहूनच.

नवा पत्रा आणि जुना पत्रा

नवं मडगार्ड बसेल असं गृहीत धरू नका. माझ्याकडे आलेल्या एकाची बोल्टची भोकं काही मिमी पुढे होती आणि दिव्याची कड बोनेटच्या ओळीपेक्षा उंच. असा भाग रंगवण्याआधी बसवून पाहायचा. भोकं कानशीने लांबट करायची, कड लाकडी हातोडीने थोडी थोडी आणायची, आणि जमत नसेल तर परत करायचा. बोल्ट आवळून पत्रा ओढत आणला तर रंगावर ताण राहतो आणि पुढे तिथेच चीर पडते.

मूळ मडगार्डची फक्त खालची कड गेली असेल तर ती कापून तेवढाच तुकडा लावणं मी पसंत करतो. मूळ पत्र्याची वळणं नव्या पत्र्यात क्वचितच तशी उतरतात. आत शिरून पाहा: चाकाने उडवलेली माती तिथे ढिगाने साचलेली असते, आणि ती न काढता केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

इंजिन

इंजिन बी-सिरीजचं, १७९८ सीसी, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. १९६४ च्या अखेरीपासून या इंजिनाच्या क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली, त्यामुळे माझ्या गाडीचं खालचं अंग भक्कम निघालं. बंद पडून जाम झालेलं इंजिन दांड्याने हिसके देऊन फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समान मिसळून ओता, ज्वाळा-ठिणगी लांब ठेवा, आणि वाट पाहा. मग क्रँकच्या नटावर पाना लावून पुढे-मागे केसभर हलवत राहा. माझं असंच सुटलं. सुटल्याचा आवाज येत नाही, पाना अचानक हलका लागतो.

सुटलं म्हणून लगेच चालू करायचं नाही. इंजिन उघडा आणि मोजा. मूळ बोअर ८०.२६ मिमी आहे. प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली आणि दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजला की झीज आणि लंबगोलपणा दोन्ही कळतात. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने, बेअरिंगची मोकळीक प्लास्टिगेजच्या, म्हणजे दाबल्यावर चपट्या होणाऱ्या प्लास्टिकच्या, दोऱ्याने. रीबोअर (सिलिंडर मोठा करून घेणं) आणि क्रँक ग्राइंडिंग मशीन शॉपचं काम आहे, पण आकडे तुमच्या वहीत आधी असले पाहिजेत. आकडे घेऊन जाणाऱ्या माणसाशी मिस्त्री वेगळ्या पद्धतीने बोलतो.

दुसरा मोठा धक्का इथे बसला. हेड धुऊन स्वच्छ केलं तेव्हा ते निर्दोष दिसत होतं. तरी मी डाय पेनिट्रंट हे तडे दाखवणारं रसायन लावलं. लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. पावडर सुकली, आणि दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या अरुंद पुलावर एक लाल रेघ हळूहळू उमटत गेली, केसाइतकी बारीक, एका सीटपासून दुसरीपर्यंत. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नव्हतं. ते हेड मी बाजूला ठेवलं आणि दुसरं शोधलं. त्यात बरेच आठवडे गेले. पण तशीच गाडी जोडली असती तर काही शे किलोमीटरांत पाणी सिलिंडरमध्ये उतरलं असतं आणि नवे पिस्टनही गेले असते. ही तपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि हेडवर कसलाही खर्च करण्याआधीच करायची आहे.

दुसऱ्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घेतल्या. हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं. ते शिसं व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यात वंगणासारखं काम करायचं. बिनशिशाच्या पेट्रोलवर मूळ बिडाची सीट झिजत जाते आणि व्हॉल्व्ह आत बसत जातो. त्याच विचाराने पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. जुन्या रबराचा आतून लगदा होतो आणि कार्ब्युरेटर तुंबतो.

हेड ज्या काळात नव्हतं त्या काळात मी इंजिनाशी खेळत बसलो नाही. ब्लॉक तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळला, वहीत नोंद केली आणि मागच्या ब्रेककडे वळलो. अडकलेल्या कामाच्या काळात करायची छोटी, पूर्ण होणारी कामं वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवा: वायपरची मोटर, दाराची कुलपं, हीटरचा डबा, घड्याळांच्या काचा. उघडलं, साफ केलं, बंद केलं, उजव्या पानावर नोंद. महिनाभर मोठं काही हललं नाही तरी उजवं पान भरत राहतं, आणि माणूस गॅरेजचं दार उघडत राहतो.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच बदला, जुना कितीही बरा दिसला तरी. एमजीबीत क्लचपर्यंत पोचायला इंजिन काढावंच लागतं. क्रँकच्या मागचं ऑईलसीलही त्याच वेळी. जोडताना कॅमच्या उंचवट्यांवर आणि टॅपेटच्या तळांवर असेम्ब्लीचं घट्ट वंगण चोळा. हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, ४५ ते ५० फूट-पाउंडांपर्यंत. टॉर्क पाना उसना आणला तरी चालेल, अंदाजाने मात्र नको.

ब्रेक आणि सस्पेन्शन

१९६६ च्या गाडीत ब्रेकची सर्किट एकच आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. त्यामुळे इथे "अजून चालेल" हा विचारच करायचा नाही. सगळे होज नवे, लोखंडी पाइपांऐवजी क्युप्रो-निकेलचे, मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर नव्या रबरांसह किंवा सरळ नवे. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं, म्हणून उघडा डबा जपून ठेवून वर्षभराने वापरू नका.

पुढचं सस्पेन्शन उघडताना स्प्रिंगची भीती बाळगाच. ती दाबलेल्या अवस्थेत असते. बशीखाली जॅक ठेवून, बशीच्या दोन बोल्टांच्या जागी लांब आट्याचे बोल्ट घालून नट हळूहळू सैल करत ती खाली घ्या. इथे आणखी एक गोष्ट: पुढचा लिव्हर शॉक ॲब्सॉर्बर हाच वरचा विशबोनही (चाक धरणारा वरचा हात) आहे. तो गळत असेल तर फक्त गाडी उसळते असं नाही, त्याचा दांडा ढिला झाला की चाकाचा कोनही बदलतो.

किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या) खालचा बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. ग्रीस न मिळालेल्या प्रत्येक गाडीत हेच. तेल आणि हातोडीने सुटला नाही तर शेजारची रबरी बुशं जाळत बसू नका. दोन्ही बाजूंनी करवतीने बोल्ट कापा, नवा किंगपिनचा सेट घाला आणि पुढे ग्रीस गन हाताशी ठेवा.

तारांची चाकं असतील तर आत्ताच हबचे दाते पाहा. दाते टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदला. मधला नट डाव्या बाजूला घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सुटतो, उजव्या बाजूला काट्याच्या दिशेने. दोन्ही बाजूंचे हब आपसात बदलले गेले तर धावत्या गाडीत नट आपला आपण सैल होतो. हब काढताना प्रत्येकावर डावा-उजवा कोरूनच ठेवा.

वायरिंग

या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. १९६७ च्या अखेरीस निगेटिव्ह अर्थ आला, म्हणजे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलं जाऊ लागलं. आधीच्या मालकाने मधेच बदललं असेल, तर गाडीचं साल पाहून ठरवू नका, बॅटरीकडे पाहा.

लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या वायरींचे रंग पाठ करा, अर्धं काम सोपं होतं. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूजशिवाय. पांढरी इग्निशनमधून. हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून. जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, हॉर्नसारख्या गोष्टींसाठी. लाल बाजूचे आणि मागचे दिवे, निळी हेडलाइट, काळी अर्थ. फ्यूज दोनच आहेत आणि हेडलाइटला तर एकही नाही, म्हणून नवं वायरिंग घालताना मी तिथे वेगळे फ्यूज दिले. मूळपणाच्या आग्रहापायी आग लागण्याची शक्यता जपून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

इंडिकेटर दिला की मागचा दिवा मंद लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर अडखळतो, असे चमत्कार दिसले तर वायर शोधत बसू नका. अर्थ गेलेला आहे. करंटला बॉडीत परतायची वाट सापडत नाही, तेव्हा तो शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून वाट काढतो. दिवा चालू ठेवून मल्टिमीटर दिव्याच्या बैठकीपासून, बॅटरीचं जे टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं आहे त्या टोकापर्यंत लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर बैठकीखालचा रंग खरवडा, पत्रा चकचकीत करा, दातेरी वायसर घाला. रंगकामानंतर हा त्रास हमखास होतो, कारण नवा रंग अर्थच्या जागाही झाकतो.

चालू करताना

पहिल्यांदा प्लग न लावता स्टार्टरने फिरवा, तेलाच्या घड्याळात दाब दिसेपर्यंत. तेल २०डब्ल्यू-५०, जुन्या टॅपेटसाठी जस्त असलेलं. प्लग पेटण्याचा क्रम १-३-४-२, डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतो. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या संपर्कांची) फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, व्हॉल्व्हची थंड इंजिनावर तेवढीच. चालू झाल्यावर आयडलवर सोडू नका. कॅम नवा असेल तर दोन हजार ते अडीच हजार फेऱ्यांवर वीसेक मिनिटं धरा, म्हणजे कॅम आणि टॅपेट यांना तेल उडून मिळतं. गरम इंजिनाला गाडी पळताना ५० ते ८० पीएसआय दाब हवा.

दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर, हे लोक सगळ्यात आधी पिळतात आणि पिळून बिघडवतात. आधी व्हॉल्व्ह, मग पॉइंट, मग टायमिंग, आणि मगच कार्ब्युरेटर. जेटचा नट पूर्ण वर नेऊन तिथून बारा पाकळ्या (षटकोनी नटाच्या बाजू) खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे. इथून सुरुवात करा. वरच्या भांड्यात वीस ग्रेडचं तेल. दोन्ही पिस्टन आणि त्यांची भांडी जोडीने घडवलेली असतात, त्यांची अदलाबदल करू नका. दोन्हींचा श्वास रबरी नळी कानाला लावून ऐका आणि सारखा करा. कितीही जुळवलं तरी आयडल स्थिर होत नसेल, तर थ्रॉटलच्या दांड्याला बोटाने वर-खाली हलवून पाहा. दांडा झिजून तिथून हवा ओढली जात असते, आणि ते नटाने दुरुस्त होत नाही.

रंग आणि बाकीचं

हार्डनर घालायच्या दोन भागांच्या रंगात आयसोसायनेट असतं. नुसता मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. म्हणून पुट्टी, घासकाम आणि प्रायमर घरी करा, वरचा रंग बूथवाल्याला द्या. कोणता रंग, हा प्रश्न असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीच्या उत्पादन-नोंदीचं प्रमाणपत्र मिळतं, त्यात मूळ रंग लिहिलेला असतो. सीट आणि गालिचे सोपे आहेत, त्यावर शब्द घालवत नाही. कापडी हूड मात्र उन्हात तापवून, सैल झाल्यावरच ताणून बसवा.

पहिल्या काही किलोमीटरांनंतर चाकांचे नट पुन्हा ठोका. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झालं की हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा पाहा आणि त्यानंतर व्हॉल्व्हची फट पुन्हा घ्या, कारण हेड बसलं की ती बदलते. आठशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, काढलेलं तेल उथळ भांड्यात घेऊन चुंबक फिरवा. बारीक करडी पूड चालते. चकाकणारे कण दिसले तर गाडी पुढे चालवू नका, तेलाची ताटली काढून बेअरिंग पाहा.